देवाधर्माचा माणूस आणि भरवशाचा माणूस

"देवाधर्माचा माणूस आहे, फसवायचा नाही." हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलंय, आणि बहुतेकांनी म्हटलंही असेल. पैसे उसने द्यायचे असोत, घर भाड्याने द्यायचं असो की सोयरीक जुळवायची असो, ही शिफारस कामी येते. मग वर्षभराने, त्याच माणसाबद्दल, त्याच तोंडून दुसरं वाक्य निघतं: "एवढं देवदेव करतो आणि वागायला हा असा!" दोन्ही वाक्यांच्या पोटात समजूत एकच आहे. धार्मिक माणूस चांगला असायलाच हवा. पहिल्या वाक्यात ती खरी ठरेल ही आशा आहे, दुसऱ्यात ती खोटी ठरल्याचं दुःख.

हे दुःख मला खरं वाटतं आणि ते हलक्यावारी नेऊ नये असंही वाटतं. देव न मानणारा माणूस खोटं बोलला तर आपण चिडतो. देवाधर्माचा माणूस खोटं बोलला तर आपला माणसावरचाच विश्वास थोडा ढासळतो. म्हणून धर्म, अध्यात्म आणि चारित्र्य या तिघांचं एकमेकांशी नातं नेमकं काय, हे नीट उलगडून पाहायला हवं.

ही समजूत सगळीकडे सारखी नाही. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या पाहणी संस्थेने २०१९ साली ३४ देशांत विचारलं होतं की नीतीने वागण्यासाठी देवावर श्रद्धा असणं आवश्यक आहे का. इंडोनेशिया आणि फिलिपिन्समध्ये ९६ टक्के लोक हो म्हणाले, स्वीडनमध्ये ९ टक्के. प्रश्न एकच, माणसंही माणसंच, आणि उत्तरांत एवढी दरी. यावरून श्रद्धाळू माणूस खरंच कसा वागतो ते कळत नाही. त्याच्याकडून लोकांची अपेक्षा काय असते, तेवढं कळतं.

या अपेक्षेचा उगम कुठे असावा याचा एक सुंदर दाखला मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने लिहून ठेवलाय. १९०४ साली तो अमेरिकेत फिरत होता. आगगाडीत त्याची गाठ एका फिरत्या विक्रेत्याशी पडली. थडग्यांवर बसवायची लोखंडी अक्षरं विकणं हा त्याचा धंदा. बोलता बोलता धर्माचा विषय निघाला. विक्रेता म्हणाला, ज्याला जे मानायचं ते मानू दे, माझं काही म्हणणं नाही. पण जो कुठल्याच चर्चचा नाही त्याला मी पन्नास सेंटसुद्धा उधार देणार नाही. ज्याचा कशावरच विश्वास नाही तो माझे पैसे कशाला फेडेल?

त्याच प्रवासात वेबरने उत्तर कॅरोलिनामध्ये बाप्तिस्म्याचा, म्हणजे पाण्यात बुडवून ख्रिस्ती पंथात प्रवेश देण्याचा, विधी पाहिला. ऑक्टोबरची थंडी, गार पाणी आणि त्यात एकामागून एक बुडी घेणारी माणसं. त्यांतल्या एकाबद्दल वेबरच्या नातलगाला आधीच अंदाज होता की हा आज बाप्तिस्मा घेणार. का? तर त्याला गावात बँक काढायची होती. त्या पंथात प्रवेश सहज मिळत नसे. माणसाची अगदी लहानपणापासूनची चौकशी होई: दारूच्या गुत्त्यात जातो का, पत्ते खेळतो का, देणी वेळेवर फेडतो का. या चौकशीतून पार पडला की त्याची पत साऱ्या पंचक्रोशीत वाढायची.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. बँकेत पैसे ठेवणाऱ्यांना त्या माणसाच्या मोक्षाची काळजी नव्हती. याला कुणीतरी पारखून घेतलंय, एवढीच खात्री त्यांना हवी होती. पारख करणारे लोक जागे होते तोवर त्या शिक्क्याला किंमत होती. पारख थांबली आणि शिक्का तेवढा उरला, की तो कुणीही मारून घेऊ शकतो. मग धार्मिक दिसणं सोपं होतं आणि त्या दिसण्यावर भरवसा ठेवणं अवघड. आपली फसगत बहुतेक वेळा इथेच होते. जुन्या काळच्या पारखीची पत आपण आजच्या नुसत्या खुणेला देऊन टाकतो.

तीन शब्द

आता शब्दांकडे येऊ, कारण अर्धा गोंधळ शब्दांचाच आहे.

धर्म हा शब्द 'धृ' धातूपासून आला. जे धरून ठेवतं ते. रोजच्या बोलण्यात आपण तो एका समाजासाठी वापरतो: त्याचे ग्रंथ, विधी, नियम, एकत्र येण्याच्या वेळा. माणूस बहुधा त्यात जन्मतो. अध्यात्म म्हणजे आत्म्याविषयीचं, स्वतःच्या आत पाहणं. ती वाट एकट्याने चालायची असते, मग सोबत धर्म असो वा नसो. आणि चारित्र्य येतं 'चर्' धातूपासून. चर् म्हणजे चालणं, वागणं. आपल्या भाषेने हा शब्द घडवतानाच ठरवून टाकलंय की माणूस काय मानतो किंवा काय बोलतो त्याच्याशी चारित्र्याचा संबंध नंतरचा. आधी तो चालतो कसा ते बघा. इंग्रजीतला कॅरॅक्टर हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला त्याचा अर्थ कोरून उमटवलेला ठसा. रोज त्याच बाजूने चाललं की पायवाट पडते, तसाच हा ठसा.

या शब्दाबद्दलची एक खंत बोलून दाखवल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. चारित्र्य या केवढ्या मोठ्या शब्दाचं आपण काय करून ठेवलंय! "चारित्र्याच्या संशयावरून" अशी बातमी वाचली की पुढे काय असणार ते आपल्याला ठाऊक असतं: एक बाई आणि तिच्यावर हात उगारलेला कुणीतरी. लाच खाणाऱ्याच्या, वजनात मारणाऱ्याच्या, म्हाताऱ्या आईबापांना टाकणाऱ्याच्या चारित्र्यावर कुणी संशय घेतलाय असं वाक्य आपल्या कानाला चमत्कारिक लागतं. खरेपणा, दिलेला शब्द, दुबळ्याशी वागण्याची रीत, हे सगळं या शब्दातून गळून गेलं आणि उरली फक्त बाईच्या वावरावरची पाळत. ज्या समाजाने चारित्र्याचा अर्थ एवढा आखडून घेतलाय, तिथे फसवणूक करणारा माणूस 'चारित्र्यवान' म्हणून उजळ माथ्याने फिरू शकतो, आणि फिरतोच. पुढे मी हा शब्द त्याच्या पूर्ण अर्थाने वापरणार आहे.

घाईत असलेले धर्मोपदेशक

श्रद्धाळू माणसं खरंच जास्त चांगली वागतात का? हे तपासण्याचे बरेच प्रयत्न झालेत. त्यांतला एक मला विसरता येत नाही.

जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेतले ४० विद्यार्थी घेतले. पुढे धर्मोपदेशक होऊ पाहणारी ही मुलं. त्यांना सांगितलं, शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचंय. निम्म्यांना विषय दिला बायबलमधल्या भल्या शोमरोनी माणसाच्या गोष्टीचा. वाटेत लुटून अर्धमेला टाकलेल्या एका माणसाला पाहून एक पुरोहित पुढे निघून जातो, दुसरा धर्मसेवकही निघून जातो आणि परक्या जमातीचा माणूस थांबून त्याची शुश्रूषा करतो, ती गोष्ट. उरलेल्यांना विषय होता नोकरीच्या संधींचा. मग काहींना सांगितलं, अजून अवकाश आहे, सावकाश जा. काहींना सांगितलं, वेळ झालीय, निघा. आणि काहींना, तुम्हाला उशीर झालाय, लोक खोळंबलेत, पळा.

दोन इमारतींमधल्या बोळात एका दारापाशी एक माणूस मान खाली घालून बसवला होता. विद्यार्थी जवळून जाताना तो खोकायचा, कण्हायचा.

१९७३ साली निकाल छापून आला. सवड असलेल्यांपैकी ६३ टक्के मुलांनी काही ना काही मदत केली. मध्यम घाईतल्यांपैकी ४५ टक्के. खूप घाईत असलेल्यांपैकी फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने लक्षणीय फरक पडला नाही. वाटेत पडलेल्या माणसाला मदत करावी या गोष्टीवर बोलायला निघालेली मुलं वाटेतल्या माणसाला टाळून गेली. त्यांची धार्मिकता कोणत्या प्रकारची होती, यावरूनही कोण थांबेल हे सांगता आलं नाही.

यावरून "बघा, सगळे ढोंगी" असं म्हणणं मला मुळीच पटत नाही. ती मुलं ढोंगी नव्हती. त्यांतली काही भाषणाला पोचली तेव्हा अस्वस्थ होती, असं संशोधकांनीच नोंदवलंय. त्यांना तिकडे वाट पाहणाऱ्या माणसाला दिलेला शब्दही पाळायचा होता. यातून मी शिकले ते एवढंच, की चांगुलपणाला जागा लागते. दिवस इतका ठासून भरलेला असेल की थांबायला फटच नाही, तर मनातला धर्म मनातच राहतो. आपण कामाच्या ठिकाणी, रस्त्यावर, घरात माणसांना किती घाईत ठेवतो, हाही म्हणूनच नीतीचा प्रश्न आहे, आणि कुठल्याच प्रवचनात तो मी ऐकलेला नाही.

दुसरा अभ्यास रोजच्या जगण्याचा. विल्हेल्म हॉफमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या १,२५२ माणसांच्या फोनवर तीन दिवस, दिवसातून पाच वेळा प्रश्न पाठवले: गेल्या तासाभरात तुम्ही काही चांगलं किंवा वाईट केलंत का, पाहिलंत का, तुमच्याशी कुणी तसं वागलं का. २०१४ साली निष्कर्ष आले. चांगल्या-वाईट कृत्यांच्या प्रमाणात धार्मिक आणि अधार्मिक माणसांत फरक आढळला नाही. फरक होता तो भावनांत: चांगलं केल्याचा अभिमान आणि वाईट केल्याची टोचणी धार्मिक माणसांना जास्त तीव्रतेने जाणवत होती. ही टोचणी छोटी गोष्ट नाही. पुढे तिचंच काम आहे.

मग धर्म काहीच करत नाही का? करतो, आणि पुष्कळ करतो. फक्त ते सुट्या माणसात शोधलं तर हाती लागत नाही, माणसांच्या समूहात दिसतं. रिचर्ड सोसिस या मानववंशशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या २०० सामूहिक वसाहतींच्या नोंदी तपासल्या. सगळं सामाईक, एकत्र राहायचं, एकत्र राबायचं अशा या वसाहती. काही धर्मावर उभ्या, काही नुसत्या ध्येयावर. कुठल्याही वर्षी टिकून राहण्याची शक्यता धार्मिक वसाहतींची चौपट होती. पुढच्या अभ्यासात आणखी मजेशीर गोष्ट दिसली: धार्मिक वसाहत सदस्यांकडून जितका जास्त त्याग मागत होती, तितकी ती जास्त टिकली. ध्येयवादी वसाहतींना त्याच त्यागाने असा हात दिला नाही. एकमेकांसाठी झीज सोसायला लावणं आणि ती सोसण्याला पावित्र्य देणं, हे धर्माला जमतं. अडचण एवढीच की हे 'एकमेकांसाठी' कुठे संपतं, ते कुंपणही बहुधा धर्मच घालतो.

आत पाहणं आणि दाराबाहेरची हाक

"मी धार्मिक नाही, पण आध्यात्मिक आहे," असं म्हणणारी माणसं आता खूप भेटतात. त्यांचं म्हणणं मला कळतं. विधींचा गाजावाजा नको, शांतपणे आत बघू. या आत बघण्याने माणूस बदलतो का?

बदलू शकतो. २०१३ साली छापून आलेला एक छोटासा प्रयोग आहे. काही लोकांनी आठ आठवडे ध्यान शिकलं, बाकीचे प्रतीक्षायादीत होते. मग प्रत्येकाला एकेकटं बोलावून प्रतीक्षागृहात बसवलं. तिथे तीनच खुर्च्या. दोन खुर्च्यांवर संशोधकांचीच माणसं, तिसरीवर हा. थोड्या वेळाने कुबड्या घेतलेली एक बाई आली, वेदनेने भिंतीला टेकली. बाकी दोघं मुद्दाम फोनमध्ये डोकं घालून बसलेले. ध्यान न शिकलेल्यांपैकी १६ टक्के लोकांनी उठून खुर्ची दिली, ध्यान शिकलेल्यांपैकी ५० टक्क्यांनी. माणसं अवघी ३९ होती, त्यामुळे यावर मोठा इमला बांधू नये. पण ती खुर्ची डोळ्यांसमोरून जात नाही.

याच्या उलटही घडतं. २०१८ साली जर्मनीतल्या संशोधकांनी योग आणि ध्यान करणाऱ्यांना काही आठवडे पुन्हा पुन्हा तपासलं, तेव्हा साधनेनंतर 'मी इतरांपेक्षा चांगला आहे' ही भावना कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली. जॉन वेलवुड या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने तर १९८० च्या दशकातच याच्या जवळच्या एका गोष्टीला नाव दिलं होतं: आध्यात्मिक पळवाट. नात्यातला राग, अपुरी राहिलेली जबाबदारी, जुनी जखम, यांना सामोरं न जाता साधनेत जाऊन बसणं.

ही पळवाट मी स्वतः चालले आहे. काही वर्षांपूर्वी मी रोज पहाटे तासभर ध्यानाला बसायचे. त्या दिवसांत आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. एका पहाटे तिने दाराबाहेरून मला हाक मारली. मग थोड्या वेळाने पुन्हा एकदा. मी ऐकलं, आणि डोळे उघडले नाहीत. मन विचलित होऊ द्यायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं. तास भरल्यावर बाहेर आले तेव्हा ती भिंतीला धरून गार फरशीवर अनवाणी उभी होती. म्हणाली, "झालं का गं तुझं? माझी चप्पल पलंगाखाली गेलीय, मला वाकता येईना." मी चप्पल काढून दिली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यामुळेच की काय, मला काही बोलता आलं नाही.

रात्रीचा हिशेब

धर्म आणि अध्यात्म यांचं पाणी चारित्र्याच्या शेतात उतरतं तो पाट कुठला, असं मला कुणी विचारलं तर मी आत्मपरीक्षणाकडे बोट दाखवीन. एकमेकींपासून फार वेगळ्या परंपरा या एका जागी येऊन पोचल्यात.

प्राचीन रोममधला तत्त्वज्ञ सेनेका लिहितो की दिवा विझला आणि माझी ही सवय ठाऊक असलेली बायको गप्प झाली, की मी माझा सारा दिवस तपासतो. काय बोललो, काय केलं, स्वतःपासून काही लपवत नाही. नवव्या शतकातल्या बगदादमध्ये एक सूफी होऊन गेला, तो मुहासिबी या नावानेच ओळखला जातो. मुहासबा म्हणजे स्वतःचा हिशेब घेणं. आपला 'हिशेब' हा शब्द त्याच मुळाचा. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोलाने आपल्या जेझुइट या ख्रिस्ती पंथासाठी रोजचं आत्मपरीक्षण घालून दिलं. जैन परंपरेत प्रतिक्रमण आहे: जिथून घसरलो तिथे परत येणं. देवाचं स्वरूप काय यावर या सगळ्यांचं एकमत कधीच झालं नसतं. दिवस मावळल्यावर काय करायचं यावर मात्र झालंय.

पण नुसता हिशेब पुरत नाही. मनातल्या मनात चूक कबूल करणं फार स्वस्त असतं, कारण तिथे आरोपीही आपण आणि न्यायाधीशही आपणच. यावरचा सगळ्यात सडेतोड नियम मला ज्यूंच्या मिशना या प्राचीन संहितेत सापडतो. ज्यूंचा प्रायश्चित्ताचा एक मोठा दिवस असतो, योम किप्पूर. मिशना सांगते: माणूस आणि देव यांच्यामधल्या अपराधांचं प्रायश्चित्त त्या दिवशी होतं. माणूस आणि माणूस यांच्यामधल्या अपराधांचं होत नाही, जोवर तो त्या दुसऱ्या माणसाची समजूत घालत नाही. देवाने सुद्धा त्या बाबतीत मध्ये पडायचं नाही. ज्याला दुखावलंत त्याच्या दारात जा.

हा नियम वाचला तेव्हा मला ती गार फरशी आठवली. मी ध्यानात बसून स्वतःला माफ करून टाकलं होतं, आणि त्याने मला हलकंही वाटलं होतं. आईला मात्र काहीच सांगितलं नव्हतं. ते सांगायला मला अकरा दिवस लागले. ती म्हणाली, "अगं, मला वाटलं तुला ऐकूच आलं नाही." मग मला सांगावं लागलं की ऐकू आलं होतं. तेवढं एक वाक्य उच्चारणं मला वर्षभराच्या साधनेपेक्षा जड गेलं.

कुंपणाच्या पलीकडे

धर्म चारित्र्य घडवतो का, हे विचारताना उलट दिशा आपण विसरून जातो. चारित्र्यही धर्म घडवत असतं. सॉक्रेटिसच्या तोंडी एक जुना प्रश्न आहे: देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून ते देवांना आवडतं? पुस्तकात हा प्रश्न कोरडा वाटतो. प्रत्यक्षात तो एखाद्या माणसासमोर कसा उभा राहतो ते जॉन वुलमनच्या आयुष्यात दिसतं.

वुलमन १७२० साली न्यू जर्सीत जन्मला. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा. हा पंथ साधेपणासाठी आणि खरं बोलण्यासाठी प्रसिद्ध होता. प्रत्येक माणसात देवाचा प्रकाश आहे, ही त्यांची मूळ श्रद्धा. आणि त्याच पंथातल्या अनेक घरांत गुलाम होते. ही माणसं क्रूर म्हणून ओळखली जात नव्हती. प्रार्थनेला नियमित, व्यवहाराला चोख, शेजाऱ्यापाजाऱ्यांत मान. प्रकाश प्रत्येकात आहे, फक्त हा 'प्रत्येक' कुठवर पसरतो याचा विचार त्यांनी केला नव्हता.

विशीतला वुलमन एका दुकानात नोकरीला होता. एके दिवशी मालकाने आपल्याकडची एक कृष्णवर्णी बाई विकली आणि त्याला विक्रीचा कागद लिहायला सांगितला. घेणारा समोर बसलेला. विचार करायला वेळ नाही. वुलमन चरकला. पण आपण वर्षाच्या बोलीने नोकर आहोत, मालकाने सांगितलंय, घेणाराही आपल्याच पंथातला वयस्क माणूस आहे, असं स्वतःला समजावून त्याने कागद लिहून दिला. लिहिताना मात्र तो इतका खिन्न झाला की दोघांसमोर बोलून गेला: गुलाम बाळगणं मला आपल्या धर्माशी विसंगत वाटतं. मनाचा सल तेवढ्याने थोडा कमी झाला, पण गेला नाही. मी सरळ नकार द्यायला हवा होता, असं त्याने नंतर लिहून ठेवलंय. पुढे दुसऱ्या एका तरुणाने असाच कागद लिहायला सांगितला तेव्हा त्याने नकार दिला, सौम्यपणे.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते पहिलं अपयश. दुकान, समोर थांबलेलं गिऱ्हाईक, मालकाचा शब्द: ही प्रिन्स्टनच्या बोळातलीच घाई आहे. वुलमनही तिथे पुढे निघून गेला. पण तो सल त्याने बुजू दिला नाही. हळूहळू त्याचं सारं जगणं त्या सलाभोवती बदलत गेलं. धंदा वाढून मनावर बसायला लागला तेव्हा त्याने भरभराटीचं दुकान सोडलं आणि शिंपीकाम धरलं. रंगवलेले कपडे घालणं सोडलं. गावोगाव फिरून गुलाम बाळगणाऱ्या आपल्याच पंथबांधवांच्या घरी तो जाई आणि बोलत बसे. व्यासपीठावरून झोडपत नसे, घरात बसून बोले. १७५८ साली क्वेकरांच्या फिलाडेल्फियातल्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सदस्यांना सभेच्या कारभारातून दूर ठेवायचं ठरवलं. वुलमन १७७२ साली इंग्लंडमध्ये देवीच्या आजाराने वारला. १७७६ साली सभेने गुलाम बाळगण्यावरच बंदी घातली. एकट्या वुलमनचं हे काम नव्हतं, त्याच्या आधीपासून बोलणारे होते आणि बरोबरचेही होते. पण ग्रंथ तोच राहिला, प्रार्थना त्याच राहिल्या आणि धर्म बदलला, कारण काही माणसांच्या वागण्याने त्याला बदलायला भाग पाडलं.

कुंपण ओलांडणारी माणसं घडतात कशी, याचा एक मोठा अभ्यास सॅम्युएल आणि पर्ल ऑलिनर या दांपत्याने १९८८ साली मांडला. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या हाती सापडू नयेत म्हणून ज्यू लोकांना लपवणाऱ्या ४०६ जणांशी ते बोलले, आणि त्याच मुलखात राहून तसं न करणाऱ्या १२६ जणांशीही. सॅम्युएल स्वतः पोलंडमधला. घरचे सगळे मारले गेले तेव्हा लहानगा सॅम्युएल एका ख्रिस्ती शेतकरी बाईच्या आसऱ्याने वाचला होता. किती धार्मिक, यावरून वाचवणारे आणि न वाचवणारे फारसे वेगळे काढता आले नाहीत. फरक दिसला तो धर्माचा अर्थ घरात कसा लावला जात होता यात: सगळी माणसं एकाच देवाची लेकरं, की आपण आणि ते? आणि लहानपणी चूक झाल्यावर काय व्हायचं यातही. वाचवणाऱ्यांच्या घरी मारण्यापेक्षा समजावून सांगण्यावर भर होता: तू असं केलंस, त्याने त्याला काय वाटलं असेल? दुसऱ्याच्या जागी जाऊन पाहण्याची सवय त्यांना जेवणाच्या टेबलावर लागली होती. दार ठोठावलं गेलं तेव्हा विचार करायला वेळ नव्हता, तरी ती सवय हाताशी होती.

वुलमनकडे एकदा परत जाते, कारण त्याची एक गोष्ट सांगायची राहिली. सभेने कुठलाही ठराव करण्याआधीची, १७५७ च्या दक्षिणेतल्या प्रवासातली. मुक्काम पंथबांधवांच्या घरी असे. तिथलं अन्न, तिथलं अंथरूण हे सगळं बिनमजुरीने राबणाऱ्या गुलामांच्या कष्टाचं. फुकटचा पाहुणचार घेतला तर त्या अन्यायात आपलाही वाटा पडतो, हे त्याला डाचत होतं. यजमान श्रीमंत, पाहुण्याकडून पैसे घेणं त्यांना कमीपणाचं. निघताना वुलमन त्यांतल्या एखाद्याला बाजूला घ्यायचा, खिशातून चांदीची लहान नाणी काढायचा आणि ज्यांनी आपल्यासाठी काम केलं त्या गुलामांना ती द्यायला सांगायचा. कधी स्वतःच त्यांच्या हातावर ठेवायचा. त्याला या प्रसंगाची फार धास्ती वाटायची. पण वाटलं होतं तेवढं ते अवघड गेलं नाही, आणि राग आलेला यजमान क्वचितच कुणी निघाला, असं त्याने लिहून ठेवलंय.